पंचावन्न बाइटांचे कुलूप

जुलै २०२५ मध्ये झेरॉक्स या कंपनीने लेक्समार्क ही प्रिंटर बनवणारी कंपनी दीड अब्ज डॉलरच्या व्यवहारात ताब्यात घेतली. मराठी माणसाला हे वाक्य जरा चमत्कारिक वाटावे असेच आहे, कारण आपल्या लेखी झेरॉक्स ही कंपनी नसून तहसील कचेरीबाहेर दोन रुपयांना मिळणारी वस्तू आहे, आणि आधार कार्डाची झेरॉक्स अमेरिकेत जाऊन एखादी कंपनी विकत घेते हे चित्र डोळ्यांपुढे आणणे अवघड जाते. आपले नाव सामान्यनाम होऊ नये म्हणून या कंपनीने इंग्रजीत वर्षानुवर्षे जाहिराती दिल्या; मराठीने त्या वाचल्या नसाव्यात. गंमत बाजूला ठेवली तरी या व्यवहाराकडे लक्ष जाण्याचे आणखी एक कारण आहे. लेक्समार्क हे नाव संगणक-उद्योगातल्या एका जुन्या, हट्टी आणि अजून न मिटलेल्या भांडणाशी जोडलेले आहे. ते भांडण वरवर शाईच्या डबीवरून असले, तरी विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याचा हक्क किती दिवस चालतो, हा त्याचा खरा विषय आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. जी अट करारात लिहिली असती तर न्यायालयाने मोडीत काढली असती, ती आता चिपमध्ये लिहिली जाते. चिपमधली अट गिऱ्हाइकाला वाचता येत नाही, तिच्यावर त्याची सही घ्यावी लागत नाही, आणि ती मोडली म्हणून विक्रेत्याला कोर्टाची पायरीही चढावी लागत नाही, कारण अट मोडताच यंत्र आपोआप बंद पडते. कायदा जे कागदावर करू देत नाही ते सिलिकॉनवर करू द्यावे की नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि करू देऊ नये असे माझे मत आहे.

या मताला आधार म्हणून मी कोणत्याही नव्या तत्त्वज्ञानाकडे जात नाही. १९३६ सालचा एक निकाल पुरेसा आहे. त्या काळात आयबीएम ही अमेरिकी कंपनी आकडेमोडीची यंत्रे विकत नसे, भाड्याने देई. यंत्रात माहिती भरायची ती जाड कागदाच्या कार्डांना भोके पाडून, आणि ही कार्डे म्हणजे त्या यंत्रांची शाईच. भाडेकरारात अट अशी की यंत्रात आमचीच कार्डे वापरावीत, दुसऱ्याची घातली तर करार संपला. अमेरिकी सरकारने मक्तेदारीला आळा घालणाऱ्या १९१४ च्या क्लेटन कायद्याखाली यावर दावा लावला. आयबीएमचा बचाव वाचण्यासारखा आहे: कार्ड नेमक्या मापाचे, नेमक्या जाडीचे आणि निर्दोष नसेल तर यंत्र चुकीचे आकडे देईल, लोक दोष यंत्राला देतील, आणि आमचा नावलौकिक धुळीला मिळेल. सर्वोच्च न्यायालयाने हे ऐकून घेतले आणि मानले नाही. कार्ड कसे असावे हे तुम्ही भाडेकरूला सांगा, हलके कार्ड वापरू नका असे बजावा, हवे तर ठरावीक दर्जाचेच कार्ड वापरण्याची अट घाला. पण ते तुमच्याच दुकानातून घ्यावे, हे चालणार नाही. न्यायालयापुढे एक नेमकी गोष्टही होती. खुद्द अमेरिकी सरकार थोडे जादा भाडे भरून स्वतः बनवलेली कार्डे त्याच यंत्रांत वापरत होते, आणि यंत्रे बिनतक्रार चालत होती.

लेक्समार्क ही या आयबीएमचीच लेक. १९९१ मध्ये आयबीएमने टंकलेखन यंत्रे आणि प्रिंटर यांचा विभाग वेगळा काढून विकला, त्यातून केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन गावी ही कंपनी उभी राहिली. माहेरची सवय तिने सोडली नाही. साधन तेवढे बदलले. तिने टोनरच्या, म्हणजे भुकटीच्या शाईच्या, डब्या दोन प्रकारच्या काढल्या: एक पूर्ण किमतीची आणि दुसरी सवलतीची. सवलतीच्या डबीच्या खोक्यावर छापलेले असे की खोके फोडले म्हणजे तुम्ही ही डबी एकदाच वापरून रिकामी झाल्यावर आम्हालाच परत करण्याचे मान्य केले. डब्या पुन्हा भरून विकणाऱ्यांना हा कागदी धाक पुरत नव्हता, म्हणून डबीवर एक चिप बसवण्यात आली. प्रिंटर आणि चिप दोघेही एक गणित सोडवतात; उत्तर जुळले तर छपाई सुरू होते, जुळले नाही तर डबीत टोनर काठोकाठ असला तरी प्रिंटर ढिम्म हलत नाही.

नॉर्थ कॅरोलिनामधली स्टॅटिक कंट्रोल ही कंपनी डब्या पुन्हा भरणाऱ्यांना सुटे भाग पुरवत असे. तिने त्या चिपला जुळणारी चिप तयार केली. डिसेंबर २००२ अखेर लेक्समार्कने तिच्यावर दावा ठोकला, आणि तोही कशाखाली, तर १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याखाली. चित्रपट आणि गाणी यांच्या चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून झालेल्या या कायद्याने कॉपीराइट असलेल्या कृतीवरचे कुलूप फोडणे हाच स्वतंत्र अपराध ठरवला होता. लेक्समार्कचे म्हणणे असे की आमच्या चिपमधला टोनर मोजणारा प्रोग्रॅम ही आमची साहित्यकृती आहे, प्रिंटरमधला प्रोग्रॅम ही दुसरी साहित्यकृती आहे, आणि स्टॅटिक कंट्रोलने पहिलीची नक्कल केली व दुसरीचे कुलूप फोडले.

ही साहित्यकृती केवढी होती? एका प्रकारच्या प्रिंटरसाठी ३७ बाइट आणि दुसऱ्यासाठी ५५ बाइट. अपिलाच्या निकालपत्रात न्यायाधीशांनी, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता, असे नमूद केले आहे की दोन्ही पक्षकारांची नावे नुसती एका ओळीत टंकली तरी ती या प्रोग्रॅमपेक्षा अधिक जागा घेतील. मी आपल्या लिपीत हिशोब करून पाहिला. संगणकावर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, साधारणपणे तीन बाइट घेते. ‘लेक्समार्क इंटरनॅशनल’ या दोन शब्दांना मधल्या मोकळ्या जागेसह ५८ बाइट लागतात. म्हणजे प्रतिवादीचे नाव येण्यापूर्वीच, वादीचे नाव लिहिता लिहिता, साहित्यकृती संपून जाते. आपल्याकडची चारोळीसुद्धा या मानाने महाकाव्य ठरावी.

तरीही खालच्या न्यायालयाने फेब्रुवारी २००३ मध्ये स्टॅटिक कंट्रोलला चिप विकण्यास मनाई केली. ऑक्टोबर २००४ मध्ये अपील न्यायालयाने ती मनाई उठवली, आणि त्यासाठी दिलेला दाखला कोणत्याही वाड्यात राहिलेल्या माणसाला पटावा असा आहे. मागच्या दाराला कुलूप घातले आणि पुढचा दिंडी दरवाजा सताड उघडा ठेवला, तर त्या कुलपामुळे घरात शिरण्यावर नियंत्रण आले असे कोणी म्हणेल काय? प्रिंटर विकत घेणाऱ्या कोणालाही त्यातला प्रोग्रॅम सरळ वाचता येत होता. चिपचे कुलूप प्रोग्रॅमचे रक्षण करत नव्हते, ते दुकानाचे रक्षण करत होते. खंडपीठातल्या एका न्यायाधीशांनी स्वतंत्र मत लिहून पुढचा धोकाही सांगितला: हा युक्तिवाद आज मान्य केला, तर उद्या मोटार बनवणारे सुट्या भागांवर अशाच चिपा बसवतील आणि भागांचा सारा बाजार आपल्या मुठीत ठेवतील.

पुढे जे घडले ते एखाद्या विनोदी लेखकाने लिहिले असते तर संपादकाने ‘अतिशयोक्ती टाळावी’ असा शेरा मारून परत पाठवले असते. हे भांडण दोन्ही बाजूंनी इतके ताणले गेले की त्याचा एक फाटा २०१४ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, आणि आमच्याविषयी बाजारात खोटे पसरवले म्हणून लेक्समार्कवर दावा लावण्याचा स्टॅटिक कंट्रोलचा हक्क तिथे एकमताने मान्य झाला. मग २०१५ मध्ये चीनमधल्या झुहाई शहरातल्या एपेक्स नावाच्या कंपनीने स्टॅटिक कंट्रोल विकत घेतली. एपेक्सचा धंदा काय, तर इतरांच्या प्रिंटरना चालतील अशा चिपा आणि डब्या बनवण्याचा. दुसऱ्याच वर्षी याच एपेक्सने भागीदार घेऊन सुमारे ३.६ अब्ज डॉलरना लेक्समार्कही विकत घेतली. चौदा वर्षे एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या दोघी जणी एकाच घरात जावा म्हणून नांदायला आल्या. आणि तरीही लेक्समार्कचा दुसरा एक खटला चालूच राहिला. ज्या मालकाचा पिढीजात धंदा पर्यायी चिपा बनवण्याचा, त्याच्या मालकीची कंपनी मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात उभी राहून डब्या पुन्हा भरून विकणे हा आमच्या पेटंटचा भंग आहे, असे सांगत होती. आता, झेरॉक्सच्या खरेदीनंतर, त्या घराची पुन्हा वाटणी झाली आहे.

तो २०१७ चा खटला वेस्ट व्हर्जिनियातल्या इम्प्रेशन प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीविरुद्ध होता. लेक्समार्कने डब्या भरणाऱ्या अनेकांना प्रतिवादी केले होते. बाकीच्यांनी तडजोडी केल्या आणि ही एकटीच शेवटपर्यंत लढली. निकाल तिच्या बाजूने लागला. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी जुन्या मोटारी दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानाचे उदाहरण दिले: गाडीतल्या हजार भागांपैकी एकेका भागाच्या पेटंटधारकाने विक्रीनंतरही आपला हक्क बजावायचे ठरवले, तर त्या दुकानाला टाळे लावावे लागेल. एका साध्या स्मार्टफोनमध्ये अंदाजे अडीच लाख पेटंट वापरात असू शकतात, हेही निकालपत्रात आले आहे. पेटंटधारकाने वस्तू एकदा विकली की त्या वस्तूपुरता त्याचा पेटंटचा हक्क संपला. मग विक्री देशात झालेली असो की परदेशात, आणि खोक्यावर काहीही छापलेले असो.

इथे माझ्यासारख्या वाचकाने पेढे वाटले असते, पण निकाल नीट वाचला तर त्यातली फट दिसते. पुन्हा भरलेली डबी विकणाऱ्यावर पेटंटचा दावा लावता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. डबी नाकारणारा प्रिंटर बनवू नका, असे ते म्हणाले नाही. तो मुद्दा त्यांच्यापुढे नव्हताच. कॉपीराइटच्या वाटेने २००४ मध्ये हार झाली, पेटंटच्या वाटेने २०१७ मध्ये हार झाली, आणि चिप मात्र दोन्ही वेळा जागच्या जागी राहिली. कोर्टात हरूनही ज्याला काही सोडावे लागत नाही, त्याला हरला म्हणणे कठीण आहे.

उरलेला भाग एचपी या दुसऱ्या प्रिंटर-कंपनीने दाखवून दिला. १३ सप्टेंबर २०१६ या दिवशी जगभरातल्या अनेक ऑफिसजेट प्रिंटरनी काल रात्रीपर्यंत गोड मानून घेतलेल्या पर्यायी डब्या एकाएकी नाकारल्या. लोकांनी आधी डबीला, मग दुकानदाराला आणि शेवटी नशिबाला दोष दिला. प्रत्यक्षात त्या वर्षीच्या मार्चमध्ये आलेल्या अपडेटमधून ही तारीख प्रिंटरच्या पोटात सहा महिने आधीच पेरलेली होती. आरडाओरड झाल्यावर कंपनीने माफीवजा निवेदन काढले आणि ज्यांना हवे त्यांच्यासाठी ते बंधन काढणारा दुसरा अपडेट दिला, पण धोरण सोडले नाही. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०२० मध्ये एचपीला एक कोटी युरोंचा दंड ठोकला, कारण ही बंधने गिऱ्हाइकाला धडपणे सांगितलेली नव्हती. लेक्समार्कची अट निदान खोक्यावर छापलेली तरी होती; इथे वस्तू घरी आणून, पैसे चुकते करून, वर्षभर वापरल्यानंतर तिच्या विक्रीच्या अटी बदलल्या. शेत विकून झाल्यावर विहिरीच्या दोरीवर हक्क सांगणाऱ्या माणसाला गावात काय म्हणतात हे मी इथे लिहीत नाही.

अशा अपडेटचा प्रसाद मलाही मिळाला आहे. कंपनीचे नाव सांगत नाही. या बाबतीत सगळे एका माळेचे मणी आहेत. सोसायटीच्या वार्षिक सभेच्या आदल्या संध्याकाळी हिशेबाच्या चाळीस प्रती काढायच्या होत्या आणि माझ्या प्रिंटरने, ज्यात आठवड्यापूर्वी भरून घेतलेली काळी शाई होती, ‘अस्सल नसलेले कार्ट्रिज’ असा निरोप देऊन काम थांबवले. रिफिलवाल्या तरुणाकडे डबी घेऊन गेलो. त्याने ती टिश्यूपेपरवर टेकवली, काळा ठिपका चांगला गोल उमटला तो मला दाखवला, मग करंगळीच्या नखाएवढी ती चिप पेन्सिलीच्या खोडरबराने घासली, स्वतःच्या प्रिंटरमध्ये घालून पाहिली आणि म्हणाला, “काका, शाई आहे, हेड चांगलं आहे, सगळं बरोबर आहे. चिप नाही म्हणतीये. तुम्ही अपडेटला ओके केलंत ना?” मी केले होते. सुरक्षिततेसाठी आवश्यक, असे त्यावर लिहिलेले होते. “मग आता ओरिजिनल घ्या, नाहीतर नवीन चिप येईपर्यंत थांबा. आणि पुढच्या वेळी अपडेट मारू नका,” असे सांगून त्याने पैसे घेतले नाहीत. चाळीस प्रती शेवटी शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात काढल्या, म्हणजे कोणाचे तरी भले झालेच.

त्या तरुणाचा सल्ला व्यवहारात बरोबर आहे आणि नेमके हेच मला खटकते. अपडेट म्हणजे यंत्रातली भोके बुजवण्याचे साधन. घरातल्या जाळ्याला जोडलेला प्रिंटर वर्षानुवर्षे अपडेट न करता ठेवणे हे खरोखरच धोक्याचे आहे, आणि तरीही शाई वाचवण्यासाठी लोक ते करतात, कारण औषधाच्या गोळीत दुसरेच काही मिसळून मिळते हे त्यांना अनुभवाने कळलेले आहे. सुरक्षिततेचे नाव घेऊन दुकानदारी करणाऱ्यांनी सुरक्षिततेचेच सर्वांत मोठे नुकसान केले आहे.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे मात्र मी म्हणणार नाही. तिचे तीन पदर आहेत. पहिला दर्जाचा: हलक्या शाईने हेड चोंदते, डबी गळते, आणि शिव्या मात्र प्रिंटरला बसतात. हे खरे आहे. माझ्याच टेबलावर जांभळ्या शाईचा एक डाग आहे आणि तो कोणत्याही बहुराष्ट्रीय कंपनीने पाडलेला नाही. पण हा १९३६ चाच बचाव आहे, आणि त्याचे उत्तरही तेव्हाच देऊन झाले आहे: दर्जा सांगा, धोका सांगा, हमी नाकारा, पण दार बंद करू नका. दुसरा पदर सुरक्षिततेचा: डबीवरच्या चिपमधून विषाणू शिरू शकतो, असे एचपीचे तेव्हाचे प्रमुख एनरिके लोरेस यांनी जानेवारी २०२४ मध्ये एका मुलाखतीत सांगितले. शिरू शकत असेलही. पण त्या डबीवर चिप मुळात बसवली कोणी? शाईला चिप लागत नाही. चोराला शिरता यावे एवढी खिडकी स्वतःच पाडायची आणि मग खिडकीवर पहारा ठेवण्याचे भाडे घरमालकाकडून घ्यायचे, असा हा प्रकार आहे.

तिसरा पदर हा खरा, आणि तो त्याच मुलाखतीत लोरेस यांनी प्रामाणिकपणे उलगडला. त्यांच्या सांगण्याचा आशय असा की गिऱ्हाईक प्रिंटर घेते तेव्हा ती कंपनीची त्या गिऱ्हाइकातली गुंतवणूक असते, आणि ते पुरेसे छापत नसेल किंवा आमची शाई घेत नसेल तर ती गुंतवणूक वाया जाते. प्रिंटर स्वस्त आहे, कारण त्याची राहिलेली किंमत शाईतून हप्त्याहप्त्याने वसूल व्हायची आहे. मला या विधानाचा राग येत नाही. उलट इतके स्वच्छ बोलणारा अधिकारी विरळाच. हा हिशोब लबाडीचा नाही. पण मग तो खोक्यावर का नाही? हप्त्याने फ्रिज विकणारा दुकानदार एकूण रक्कम, हप्ता आणि व्याज कागदावर लिहून सही घेतो. प्रिंटर विकणारा हप्ता लपवतो आणि विक्री रोखीची असल्याचे भासवतो, आणि गिऱ्हाइकाने हप्ता चुकवला असे वाटले की पावती फाडून वस्तू निकामी करतो. हिशोब लपवावा लागतो याचा अर्थ तो दाखवला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल अशी भीती आहे, आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानात जाता येणे यालाच तर बाजार म्हणतात.

माझे काही मित्र भाड्याच्या, म्हणजे दरमहा वर्गणीच्या शाईवर फार संतापतात: वर्गणी थांबवली की अर्धी भरलेली डबीही चालेनाशी होते. मला ती योजना आवडत नाही, पण तिच्यात निदान भाड्याला भाडे म्हटले आहे. झेरॉक्सचे १९५९ चे पहिले गाजलेले यंत्रही बहुतेकांनी भाड्यानेच घेतले होते आणि महिन्याला ठरावीक प्रतींपुढच्या प्रत्येक प्रतीचे पैसे मोजले जात. ते कोणालाही फसवणूक वाटले नाही, कारण यंत्र आपले नाही हे प्रत्येकाला ठाऊक होते.

झेरॉक्सवरून आठवले. १९८० च्या सुमारास याच कंपनीने अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला एक लेझर प्रिंटर दिला होता आणि त्यात कागद वरचेवर अडकत असे. रिचर्ड स्टॉलमन या तिथल्या तरुण प्रोग्रॅमरने आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये बदल करून, कागद अडकला की काम पाठवलेल्या माणसाला निरोप जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरचा प्रोग्रॅम मात्र वाचता येईल अशा रूपात दिलेलाच नव्हता, आणि ज्याच्याकडे तो होता त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून हात वर केले. स्टॉलमनने सप्टेंबर १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे कोणालाही वाचता आणि बदलता येतील अशा प्रोग्रॅमच्या, प्रकल्पाची घोषणा केली, तिच्या मागच्या कारणांत तो हा प्रसंग सांगतो. आज जगातले बहुतेक सर्व्हर ज्या सॉफ्टवेअरवर चालतात त्याच्या मुळाशी एक अडकलेला कागद आहे, ही गोष्ट मला नेहमीच दिलासा देते, विशेषतः माझ्या प्रिंटरमध्ये कागद अडकतो तेव्हा.

कोर्टांनी जे केले नाही ते काही अंशी आशियातल्या गल्लीबोळांनी केले. आपल्याकडे आणि इंडोनेशियासारख्या देशांत झेरॉक्सवाले, फोटोवाले आणि प्रोजेक्ट छापून देणारे दुकानदार प्रिंटरच्या कडेला बाटल्या लटकवून, त्यातून नळ्या थेट आत सोडून छपाई करत असत. कंपनीच्या दृष्टीने हा अत्याचार होता. एप्सन या प्रिंटर-कंपनीने शेवटी या लोकांशी भांडण्याऐवजी त्यांचीच युक्ती उचलली: २०१० मध्ये इंडोनेशियात तिने कारखान्यातच टाकी बसवलेला प्रिंटर बाजारात आणला, यंत्राची किंमत जास्त ठेवली आणि शाई बाटलीतून स्वस्तात दिली. ते यंत्र पुढे भारतात आले आणि इथल्या दुकानांत घरोबा करून बसले. मग इतरांनाही टाक्या बसवाव्या लागल्या. प्रिंटरची खरी किंमत पहिल्या दिवशी मागितली तर गिऱ्हाईक पळून जाईल, हा पश्चिमेतला सिद्धान्त, पै-पै मोजणारे म्हणून ज्यांची ख्याती आहे अशा गिऱ्हाइकांनीच खोटा पाडला. अर्थात टाकीच्या प्रिंटरनाही आपली कुलुपे आहेत. वाया गेलेली शाई शोषणारे पॅड भरल्याचा अंदाज प्रोग्रॅमने केला की काही यंत्रे सर्व्हिस सेंटरची वाट दाखवून गप्प बसतात, आणि आपला तोच रिफिलवाला तरुण ‘रिसेट मारून’ ती पुन्हा चालू करतो.

हा तरुण भारतात गुन्हा करतो काय? माझ्या समजुतीप्रमाणे नाही, आणि ही आपल्या कायद्यातली दुर्लक्षित पण चांगली गोष्ट आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आले. कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद त्यात आहे, पण फोडण्यामागे कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू असला पाहिजे, असे त्याच वाक्यात म्हटले आहे. अमेरिकेतला कायदा कुलूप फोडण्यालाच अपराध मानतो, आपला कायदा कशासाठी फोडले ते विचारतो. शाई घालण्यासाठी फोडले, हे उत्तर देणाऱ्याने कोणत्याही लेखकाचे किंवा प्रोग्रॅमरचे काही चोरलेले नसते. शिवाय दोन प्रोग्रॅम एकमेकांशी जुळावेत म्हणून लागणारी माहिती, ती सहज मिळत नसेल तर, हुडकून काढण्याची मुभा याच कायद्याच्या ५२व्या कलमात आहे.

स्पर्धा कायद्याच्या बाजूनेही वाट पडलेली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना, ज्यांत टाटा मोटर्स आणि महिंद्रही होत्या, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. दंडाची रक्कम पुढे अपिलांच्या फेऱ्यात सापडली, पण तत्त्व मांडले गेले: गाडी एकाची आणि तिचे स्क्रू दुसऱ्याच्या ताब्यात, असे चालणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळही उघडले, त्यात शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने असे विभाग केले. माहिती देणे कंपनीच्या मर्जीवर आहे, त्यामुळे ते संकेतस्थळ म्हणजे सध्या तरी कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरची पत्तावही आहे. आपल्याकडे या बाबतीत कायदे कमी पडतात असे नाही. ते घेऊन कोणी आयोगाच्या दारात जात नाही, कारण चारशे रुपयांच्या डबीसाठी वकील कोण लावील? सगळ्या कुलपांचा धंदा या एका गणितावर चालतो.

म्हणून मी मोठ्या कायद्याची मागणी करत नाही. वेष्टनबंद वस्तूंच्या नियमांनी आज बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा वजन, किंमत, उत्पादकाचे नाव आणि तक्रारीचा पत्ता छापावा लागतो. प्रिंटरच्या खोक्यावर किमतीएवढ्याच ठळक अक्षरांत आणखी एक ओळ सक्तीची करावी: या यंत्रात दुसऱ्या उत्पादकाची शाई चालते किंवा चालत नाही, आणि आज चालत असल्यास ती विक्रीनंतरच्या कोणत्याही अपडेटने बंद केली जाणार नाही. ज्या कंपनीला ‘चालत नाही’ असे छापायचे असेल तिने खुशाल छापावे आणि त्या किमतीला गिऱ्हाईक मिळवावे. जिने ‘चालते’ असे छापले, तिने पुढे शब्द फिरवला तर वजनात मारणाऱ्या दुकानदाराला लागणारेच कलम तिला लागावे. ही ओळ पंचावन्न बाइटांत बसणार नाही हे मला मान्य आहे, पण खोक्यावर जागा भरपूर असते.